राजहंसगड, पण कोणत्या स्पेलिंगचा?

[दृश्य: उद्यमबाग, बेळगाव. मशीनवर फिरणारा बीडाचा जॉब.]

बारा इंग्रजी शब्द त्याच्याकडे नीट आहेत. पेनानं, क्रमानं लिहिलेले, आईच्या कपाटात रेशनकार्डाच्या पिशवीत. तरीही त्याचे बिटकॉइन त्याला दिसत नाहीत.

हा तरुण इथं सीएनसी मशीन चालवतो. त्याचं नाव आणि रक्कम आम्ही सांगणार नाही, तसा शब्द दिलाय. 2017 मध्ये पगारातून थोडे थोडे पैसे बाजूला काढून त्यानं बिटकॉइनचे तुकडे घेतले. मग 6 एप्रिल 2018 ला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आलं. बँकांनी असल्या व्यवहारांना सेवा देऊ नये, चालू असलेली तीन महिन्यांत बंद करावी. बिटकॉइनची खरेदी-विक्री होते त्या एक्स्चेंजला टाळं लागलं तर? या धास्तीनं त्यानं सगळं स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटवर, म्हणजे बिटकॉइनच्या चाव्या सांभाळणाऱ्या छोट्या उपकरणावर हलवलं. ते बारा शब्द याच वॉलेटचे. आणि कागद कुणाच्या हाती लागलाच तर, म्हणून बारा शब्दांवर आणखी एक पासफ्रेज, म्हणजे स्वतः ठरवलेला जादाचा गुप्त शब्द लावला. तो मात्र कुठंच लिहिला नाही.

4 मार्च 2020 ला सुप्रीम कोर्टानं ते परिपत्रक रद्द केलं. धास्ती गेली. तोवर पासफ्रेजही डोक्यातून गेला होता.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. शिल्लक शून्य.]

इथं लोकांची गल्लत होते, म्हणून जरा थांबून सांगतो. पिन विसरलात, उपकरण हरवलं, तर बारा शब्दांवरून वॉलेट परत उभं राहतं. बारांपैकी एखादा शब्द पुसला गेला तरी धीर सोडू नका. हे शब्द 2,048 शब्दांच्या ठरलेल्या यादीतलेच असतात. जागा माहीत असेल तर 2,048 पर्याय, आणि त्यातले बहुतेक बारा शब्दांच्या अंगभूत तपासणीतच गळतात.

पासफ्रेजला ती तपासणीच नाही. काहीही टाका, ‘चुकलं’ असं कुणी म्हणत नाही. प्रत्येक चावीनं कुठलं ना कुठलं दार उघडतंच, फक्त आतली खोली रिकामी असते. म्हणून आपलं दार कोणतं, याची खूण आधी हातात लागते. ती त्याला जुन्या ईमेलमध्ये सापडली. एक्स्चेंजवरून पैसे हलवताना आलेल्या मेलमध्ये त्याच्या वॉलेटचा पत्ता होता. आता संगणकाला सांगता येतं, जो अंदाज हा पत्ता देईल तोच खरा.

[दृश्य: स्वयंपाकघरातलं टेबल. वही, बहीण-भाऊ.]

अंदाज आले ते घरातून. मोठी बहीण म्हणाली, “गडाचं नाव टाकलं असशील की रे. तवा सगळीकडं तेच टाकत होतास.”

गड म्हणजे येळ्ळूरजवळचा राजहंसगड. पण मराठी नाव इंग्रजी अक्षरांत लिहायचं म्हणजे फाटे फुटतातच. ‘राज’मध्ये एक ए की दोन? ‘गड’च्या शेवटी एच आहे का? पहिलं अक्षर मोठं? मधे जागा सोडली? शेवटी साल, तर चार आकडी की दोन? अशा पाच ठिकाणी चार-चार पर्याय धरले तरी 1,024 जोड्या होतात. शेवटी कीबोर्डवरचं एखादं चिन्ह असेल तर 32 पट, म्हणजे 32,768. माणसाला हे अशक्य, साध्या लॅपटॉपला नाही. बीटीसी-रिकव्हर नावाचा मुक्त प्रोग्राम नेमकं हेच करतो. वहीतले तुकडे त्याला द्यायचे, जोड्या तो लावतो. लॅपटॉपचं इंटरनेट आधी तोडायचं, हे विसरू नका.

आणि कळकळीनं सांगतो, हे काम घरातच करा. ‘वॉलेट उघडून देतो, बारा शब्द पाठवा’ म्हणणारे टेलिग्रामवर टपून बसलेत. याच्या मागेही एक जण लागला होता, फोनवर गोड मराठी बोलायचा. ज्याला बारा शब्द दिले त्याच्या हाती अर्धं घर गेलं, आणि ज्याच्या वॉलेटवर पासफ्रेज नाही त्याचं तर पूर्ण. शब्द दिले असतील तर शिल्लक त्याच क्षणी नव्या वॉलेटवर हलवा. पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर करू नका.

बिटकॉइनला ना शाखा आहे, ना मॅनेजर. अर्ज करायलाही जागा नाही. मिळालं आणि विकलं तर नफ्यावर 30 टक्के कर आहेच, पण ती पुढची गोष्ट.

[दृश्य: वहीचं नवीन पान.]

पहिली यादी संपली, पत्ता जुळला नाही. आता दुसरी. याच गडाला येळ्ळूरगडही म्हणतात, ते नाव राहिलंच होतं. शिवाय शहराचं नाव. सरकारी इंग्रजी स्पेलिंग 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं, पण हाताला वळण जुन्याचंच होतं. जुनं घालावं की नवं, यावर दोघांचं चाललंय.

“दोन्ही घाल की,” बहीण म्हणते. “मशीन दमतंय होय?”