डायनासोरच्या मागचं रान

नमस्कार श्रोतेहो.

डायनासोरवरचं कुठलंही चित्रांचं पुस्तक उघडा. प्राण्याचा दातन्‌दात, नखन्‌नख तपशिलात. आणि मागची झाडं? चार नेचे, दोन जाड बुंधे, एक धुमसता ज्वालामुखी. ज्याला हे रान नीट रंगवायचंय, त्यानं माहिती शोधायची कुठे?

आधी एक करा. 'डायनासोरच्या काळातली झाडं' असं शोधणं सोडून द्या. तो काळ सोळा कोटी वर्षांहून मोठा. शोधायचं ते तुमच्या प्राण्याची हाडं ज्या खडकात सापडली, त्या खडकाच्या नावानं. स्टेगोसॉरस अमेरिकेतल्या मॉरिसन थरांतला, ज्युरासिकच्या, म्हणजे डायनासोर-काळाच्या मधल्या टप्प्याच्या, उत्तरार्धातला. तिथे सूचिपर्णी, पंख्यासारख्या पानांचा गिंको, नेचे. ट्रायसेरॅटॉप्स हेल क्रीक थरांतला, क्रिटेशसच्या, म्हणजे त्या काळाच्या शेवटच्या टप्प्याच्या, अगदी अखेरचा. तिथली बहुतेक पानं चक्क फुलझाडांची. थराचं नाव आणि पुढे 'फ्लोरा', म्हणजे वनस्पतिसृष्टी, एवढं लिहिलंत, की कामाचे शोधनिबंध हाती लागायला लागतात.

आणि मग गोंधळ सुरू होतो. जीवाश्मात अख्खं झाड जवळपास कधीच मिळत नाही. पान एकीकडे, खोड दुसरीकडे, बी तिसरीकडे, आणि प्रत्येकाला वेगळं नाव. टिलोफायलम हे पान, बकलँडिया हे खोड, विल्यमसोनिया हा फुलासारखा दिसणारा अवयव. नवख्याला वाटतं, तीन झाडं. झारखंडमधल्या राजमहाल टेकड्यांतल्या जीवाश्मांवरून पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींनी १९३२ मध्ये हे तुकडे जोडून एकच झाड उभं केलं. ती रचना आजही पाठ्यपुस्तकांत भेटते. म्हणून नाव सापडलं की पहिला प्रश्न विचारायचा: हे नाव कुठल्या अवयवाचं?

जुने ग्रंथ टाकाऊ समजू नका. बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या ऑनलाइन ग्रंथालयात कितीतरी जुने ग्रंथ फुकट वाचता येतात. त्यांतली नावं कालबाह्य झाली असतील, पण पानांच्या शिरांची रेखाटनं बघत राहावीत अशी. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या ज्युरासिक वनस्पतींवर पुरावनस्पतिशास्त्रज्ञ टॉम हॅरिस यांचे पाच खंड आहेत, १९६१ ते १९७९ मधले. सायकॅड, म्हणजे ताडासारखी दिसणारी बिनफुलांची झाडं, आणि बेनेटाइटेलीस, म्हणजे विल्यमसोनियाचा आता नामशेष झालेला गट, यांची पानं नुसत्या डोळ्यांना सारखीच दिसतात. फरक कळतो तो पानावरच्या पातळ थरातल्या रंध्रांवरून, म्हणजे हवेची ये-जा होणाऱ्या सूक्ष्म छिद्रांवरून. हॅरिसनी ती रंध्रंसुद्धा काढून ठेवलीत!

गवताचं काय? डायनासोरच्या चित्रात गवत म्हणजे घोडचूक, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २००५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुरा इथल्या, डायनासोरच्या जीवाश्म झालेल्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म सिलिका-कण सापडले. म्हणजे क्रिटेशसच्या शेवटी गवत होतं, डायनासोरच्या पोटातही जात होतं. पण तेवढ्यावरून हिरवीगार कुरणं रंगवू नका; तसा पुरावा नाही.

जिवंत नमुने हवेत तर वनस्पती उद्यानात जा. गिंको, अरॉकेरिया हे सूचिपर्णी झाड बघा. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियात सापडलेला वॉलेमी पाइन हा सूचिपर्णी वृक्षही कुठे कुठे लावलेला असतो. सालीचा पोत, फांदी फुटायची तऱ्हा, पडलेल्या पानांचे वण यांचे भरपूर फोटो घ्या. सायकॅडच्या बाबतीत मात्र जरा जपून. त्यांचं घराणं पुरातन असलं, तरी आजच्या बहुतेक जाती गेल्या सव्वा कोटी वर्षांतल्याच, असं २०११ च्या एका अभ्यासातून दिसलं. तेव्हा त्यांच्याकडून बुंध्याची ठेवण घ्या. पानाचा आकार मात्र जीवाश्माच्या चित्रावरूनच.