दीड दिवसात कोची: आधी वार बघा, मग तिकीट काढा

नमस्कार मंडळी!

कोचीला पहिल्यांदा गेले तेव्हा मी शुक्रवारी पोचले. बॅग टाकली आणि थेट मट्टनचेरीचा राजवाडा गाठला, तर फाटक बंद. शुक्रवारी तो बंदच असतो. म्हटलं हरकत नाही, उद्या सकाळी सिनेगॉग बघू. उद्या म्हणजे शनिवार. ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला शनिवारी सुट्टी असणार हे कळायला फार अक्कल लागत नाही, पण सुट्टीच्या मूडमध्ये असलेल्या माणसाकडे तेवढीही नसते. दोन दिवस कोचीत होते आणि दोन मुख्य जागा बाहेरून बघून परत आले.

म्हणून या व्हिडिओची सुरुवात वारापासून. रविवार ते गुरुवारमधला एक पूर्ण दिवस मट्टनचेरीसाठी ठेवा. फक्त वीकेंडच मोकळा असेल तर शनिवारी दुपारी पोचा, ती संध्याकाळ फोर्ट कोचीला द्या आणि रविवार मट्टनचेरीला. शुक्रवारी दुपारनंतर सिनेगॉगही धरू नका. सिनेगॉगला दुपारी जेवणाची सुट्टीही असते, त्यामुळे तिथे सकाळीच जा.

आता काय काय गाळायचं ते सांगते, कारण दीड दिवसात तेच जास्त महत्त्वाचं. मुन्नार गाळा. अलेप्पीची हाउसबोट गाळा. "आलोच आहोत तर उरकून टाकू" म्हणणारा एक काका प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, त्यांना हा व्हिडिओ आधी पाठवा. फोर्ट कोचीचा बीचही पोहायला म्हणून धरू नका. समुद्राने तो खाऊन खाऊन अरुंद केलाय. बीच हवाच असेल तर वायपीन बेटावर चेराई आहे, पण त्यात अर्धा दिवस जातो.

(नकाशा स्क्रीनवर)

हे बघा. उजवीकडे एर्नाकुलम, म्हणजे मुख्य शहर. रेल्वे स्टेशन, मॉल, मेट्रो, सगळं इकडे. डावीकडे ही जी जिभेसारखी जमीन आहे, तिच्या टोकाला फोर्ट कोची आणि आतल्या बाजूला मट्टनचेरी. मध्ये वेंबनाड खाडीचं पाणी. राहायचं डावीकडे, फोर्ट कोचीत. स्टेशनजवळचं हॉटेल स्वस्त पडतं खरं, पण मग रोज पुलावरच्या ट्रॅफिकमध्ये तास घालवावा लागतो. आणि विमानाने येत असाल तर लक्षात ठेवा, विमानतळ नेडुंबसेरीला आहे, शहरापासून तीसेक किलोमीटर. फोर्ट कोचीपर्यंत दीड तास धरूनच चाला.

एर्नाकुलमहून पलीकडे जाताना मात्र टॅक्सी करू नका. बोटीने जा. मी तर म्हणेन, कोचीतलं पहिलं बघण्यासारखं ठिकाण म्हणजे ही बोटच.

दोन पर्याय आहेत. एक सरकारी जलवाहतूक खात्याची जुनी फेरी. लाकडी बाकं, उघड्या खिडक्या, ऑफिसला जाणारी माणसं, भाडं चहापेक्षा कमी. दुसरी वॉटर मेट्रो, २०२३च्या एप्रिलमध्ये सुरू झालेली. बॅटरीवर चालते, एसी आहे आणि अजिबात आवाज करत नाही. तिच्या जेट्टीकडे जरा नीट बघा. ती तरंगती आहे. भरती आली की जेट्टी आणि बोट दोन्ही एकदमच वर येतात, त्यामुळे बोटीत पाय टाकताना खाली-वर काही करावं लागत नाही. माझ्या आईचे गुडघे दुखतात. इतर ठिकाणी बोट म्हटलं की तिचं "तुम्ही जाऊन या, मी इथेच बसते" सुरू होतं. इथे ती माझ्या आधी आत जाऊन खिडकीची जागा धरून बसली होती.

मी जाताना जुनी फेरी घेते आणि येताना वॉटर मेट्रो. वीसेक मिनिटांचा प्रवास आहे. जाताना डावीकडे बसा. तिकडे विलिंग्डन बेट दिसतं. क्रेन, गोदामं, मोठी जहाजं. हे बेट माणसाने बनवलंय. रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज इंजिनिअर १९२० साली इथे आला. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा होता, त्यामुळे मोठी जहाजं आत येऊच शकत नव्हती. त्याने तो दांडा कापला, खाडीचा तळ उपसला आणि उपसलेल्या गाळातून हे बेट उभं केलं. १९२८च्या मेमध्ये 'पद्मा' नावाची आगबोट नव्या मार्गाने आत आली.

पण हे तोंड मुळात उघडलं कसं? १३४१ साली पेरियार नदीला प्रचंड पूर आला. उत्तरेला मुझिरिस नावाचं प्राचीन बंदर होतं, जिथून रोमन जहाजं मिरी घेऊन जायची. इतिहासकार मानतात की त्या पुरात ते बंदर गाळाने बुजलं आणि इथे कोचीत पाण्याला नवी वाट मिळाली. एका बंदराचा घास घेऊन दुसरं बंदर जन्माला आलं. पुढे पोर्तुगीज, डच, इंग्रज असे सगळे याच तोंडातून आत आले.

बोटीतून उतरून सरळ चिनी जाळ्यांकडे चाला. फोटोत ती तुम्ही हजार वेळा बघितली असतील, मागे सूर्य मावळतोय वगैरे. तो फोटो काढाच, मी पण काढते. पण नंतर मोबाईल खिशात ठेवा आणि पंधरा मिनिटं एकाच जाळ्यासमोर उभे राहा, कारण ते काम कसं चालतं ते फोटोत दिसत नाही.

एक लांबच लांब लाकडी दांडा, सी-सॉसारखा मध्यावर टेकलेला. पाण्याकडच्या टोकाला जाळं, जमिनीकडच्या टोकाला दोरांना बांधलेले धोंडे, एकेक कलिंगडाएवढा. जाळं खाली सोडायचं असेल तर एक माणूस त्या दांड्यावरून पाण्याच्या दिशेने नुसता चालत जातो. त्याच्या वजनाने तोल जातो आणि अख्खं जाळं पाण्यात उतरतं. काही मिनिटं थांबायचं. मग पाच-सहा जण मिळून दोर ओढतात. आता धोंड्यांकडे बघा. सगळे दोर सारख्या लांबीचे नाहीत. जाळं वर यायला लागलं की धोंडे एकामागून एक जमिनीला टेकत जातात, म्हणजे ओझं जसं बदलेल तसा तोल आपोआप सांभाळला जातो. मोटर नाही, गिअर नाही. जाळ्यात येतं काय? मी बघितलं तेव्हा ओंजळभर मासे, एक खेकडा आणि ढीगभर जलपर्णी. पावसाळ्यानंतर तर जलपर्णीच जास्त. घारी आणि बगळे मात्र आशेने बसलेले असतात.

एक सांगून ठेवते. "वर या, ओढून बघा" असं बोलावतात. मजा येते, जरूर जा, पण नंतर पैसे मागतात. किती ते आधी ठरवा. त्यांनाही मासळीवर भागत नाही, त्यामुळे मला त्यात गैर वाटत नाही. फक्त आधी न ठरवता शेवटी वाद घालणं टाळा. सकाळी लवकर याल तर शेजारीच मासळीचा लिलाव चालतो. पर्यटक झोपलेले असतात तेव्हा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत सेंट फ्रान्सिस चर्च. भारतातल्या सगळ्यात जुन्या युरोपीय चर्चपैकी एक. वास्को द गामा १५२४ साली याच गावात वारला आणि इथेच पुरला गेला. काही वर्षांनी त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. कबरीची जागा कठडा घालून दाखवलीय, तिथे गर्दी असते. तुम्ही वर बघा. छताखाली आडव्या काठ्यांना कापडी झालरी लावल्यात. ते पंखे आहेत. दोर भिंतीतून बाहेर जायचे आणि बाहेर उन्हात बसून कुणीतरी ते ओढत राहायचं, आत प्रवचन चालू असेपर्यंत. गामाचं नाव सगळ्यांना पाठ आहे. मी मात्र त्या दोरांकडेच बघत बसले.

तिथून मट्टनचेरी तीनेक किलोमीटर. गुडघे बरे असतील तर बाजार रोडने चालत जा, नाहीतर रिक्षा. रस्त्यावर जुनी मसाल्याची गोदामं आहेत, काही पडायला आलेली, काही अजून चालू. वासावरून कळतं कुठे सुंठ आहे आणि कुठे मिरी.

मट्टनचेरीचा राजवाडा 'डच पॅलेस' म्हणून प्रसिद्ध आहे, पण बांधला पोर्तुगीजांनी, १५५५च्या सुमारास, आणि राजाला भेट दिला. डचांनी १६६३ नंतर डागडुजी केली आणि नाव त्यांचं लागलं. आत शयनगृहाच्या भिंतींवर रामायण रंगवलंय. चित्रं इतकी दाटीवाटीने की रिकामी जागाच सापडत नाही. घाई करू नका, डोळे सरावायला वेळ लागतो.

आता एक गोष्ट बघा जी गाईड पटकन पुढे ढकलतात. राजवाड्याच्या आवारातलं देऊळ आणि परदेशी सिनेगॉग यांची भिंत सामाईक आहे. एकच भिंत. राजाने ज्यूंना जागा दिली ती स्वतःच्या घराला लागून, आणि १५६८ साली तिथे सिनेगॉग उभं राहिलं. आतली फरशी चीनमधून आणलेली, निळी-पांढरी, हाताने रंगवलेली. दोन फरश्या अगदी सारख्या सापडतात का शोधा. नाही सापडणार. चपला बाहेर काढाव्या लागतात, त्यामुळे ती गार फरशी पायालाही कळते. इस्रायल झाल्यावर इथली बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. बाहेरच्या दुकानांवर ज्यू नावं आहेत, आत विकणारे बहुतेक काश्मिरी. भाव अर्ध्यावर आणल्याशिवाय काही घेऊ नका.

आणि आता खास आपल्यासाठी. इथून जवळच चेरलाईला तिरुमला देवस्वम आहे, गौड सारस्वतांचं मोठं देऊळ. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचाने गोव्यातून निघालेली माणसं इथे येऊन वसली. मी देवळाबाहेर उभी होते आणि मागून एक आजी नातवाला कोकणीत म्हणाली, "हांगा यो!" केरळात, चहूकडे मल्याळम पाट्या असताना. माझी आई मूळची सावंतवाडीची, ती गर्रकन वळली. पुढचा पाऊण तास त्या दोघी पायरीवर बसून बोलत होत्या आणि माझं वेळापत्रक कोलमडलं.

याच समाजातल्या तीन वैद्यांनी, रंगभट, विनायक पंडित आणि आपूभट यांनी, डच अधिकारी व्हॅन ऱ्हीडला इथल्या वनस्पती ओळखून दिल्या. त्याच्या बारा खंडांच्या 'होर्तुस मलबारिकुस'चा पहिला खंड १६७८ साली ॲम्स्टरडॅममध्ये निघाला. त्यात या तिघांचं कोकणीतलं प्रमाणपत्र आहे. नागरी लिपीत! रायगडावर राज्याभिषेकाला तेव्हा चारच वर्षं झाली होती.

संध्याकाळ उरली असेल तर कथकली. प्रयोगापेक्षा तासभर आधी जा, कारण बऱ्याच ठिकाणी रंगभूषा प्रेक्षकांसमोर चालते. नट जमिनीवर उताणा झोपतो आणि दुसरा त्याच्या जबड्याभोवती पांढरी किनार चढवतो. नंतरचा प्रयोग पूर्ण नाही बघितला तरी मी रागावणार नाही.

परतीची शेवटची बोट किती वाजता आहे ते जेट्टीवर उतरतानाच विचारून ठेवा. आम्ही विचारलं नव्हतं. आईला पायरीवरून उठवून धावतपळत आलो, तर वॉटर मेट्रोचं दार बंद व्हायला आलेलं. आई दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्या पुढे धावत होती.