हाऊस बॅटऱ्या बदलण्याआधी

[दृश्य: केबिनच्या तळाची फळी उचललेली. खाली चार बॅटऱ्या, टर्मिनलांवर पांढरट-हिरवट थर.]

या बोटीच्या हाऊस बॅटऱ्या आज बाहेर निघणार आहेत. इंजिन सुरू करायची बॅटरी वेगळी. तिचं काम काही सेकंदांचं. शेकडो अँपिअर एकदम द्यायचे आणि मग थांबायचं. म्हणून तिच्या प्लेटा पातळ आणि पुष्कळ असतात. हाऊस बॅटऱ्यांना मात्र रात्रंदिवस थोडं थोडं देत राहावं लागतं. दिवे, फ्रिज, पाण्याचा पंप, रेडिओ, चार्टप्लॉटर म्हणजे समुद्राचा नकाशा दाखवणारा पडदा, नांगर टाकल्यावर डोलकाठीच्या टोकावर जळणारा दिवा, हे सगळं यांच्या जिवावर चालतं. त्यांच्या प्लेटा जाड असतात, आणि खोलवर उतरून पुन्हा भरणं हेच त्यांचं आयुष्य.

नवीन कोणत्या घ्यायच्या, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. जुन्या कशानं गेल्या, हे मात्र फार थोडे जण विचारतात. आधी तेच बघू.

[दृश्य: बॅटरीची झाकणं उघडलेली. हायड्रोमीटरची काचनळी जवळून.]

हायड्रोमीटर आम्लाची घनता मोजतो; आम्ल जितकं घट्ट, तितकी बॅटरी भरलेली. रबरी फुगा दाबून सोडला की आम्ल नळीत चढतं आणि आतली तरंगणी डुलत डुलत स्थिर होते. पूर्ण भरलेल्या बॅटरीत आकडा 1.265 च्या आसपास हवा. ही बॅटरी रात्रभर चार्जरवर होती, तरी पहिल्या कप्प्यात 1.230. दुसऱ्यात, तिसऱ्यात, चौथ्यात तेच. पाचव्यात तरंगणी पार खाली बसली: 1.150. सहाव्यात पुन्हा 1.230.

कप्प्याकप्प्यांत 0.050 चा फरक पडला की तो कप्पा गेला, असंच समजतात. आणि समांतर जोडलेल्या बॅटऱ्यांमध्ये एक बॅटरी खराब झाली की बाकीच्या गुपचूप तिच्यात रिकाम्या होत राहतात. पण उरलेले पाच कप्पे तरी पूर्ण का भरले नाहीत? खरं उत्तर तिथे आहे.

शिसं-आम्लाची बॅटरी गास्तों प्लांते यांनी 1859 मध्ये बनवली. तिचं रसायन आजही तेच आहे. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. चार्ज करताना ते परत विरघळतं. पण बॅटरी दिवसेंदिवस अर्धवट भरलेलीच ठेवली, तर त्या सल्फेटचे स्फटिक मोठे आणि टणक होतात. मग ते परत येत नाहीत. तेवढा प्लेटेचा भाग कायमचा बाद. बोटीवरच्या पुष्कळ बॅटऱ्या वापरून झिजण्याआधीच अशा उपाशी राहून मरतात.

हे होतं कसं, ते नांगरावरच्या एका संध्याकाळीत कळतं. इंजिन तासभर चालवलं. ऐंशी टक्क्यांपर्यंत बॅटरी भराभर भरते. त्यापुढे ती स्वतःच कमी कमी प्रवाह घ्यायला लागते, आणि शेवटच्या वीस टक्क्यांना कित्येक तास लागतात. तेवढा वेळ कोणी इंजिन चालवत नाही, चालवूही नये. बॅटरी ऐंशीवर राहते, सकाळपर्यंत पन्नासवर येते, संध्याकाळी पुन्हा ऐंशी. शंभर कधी होतच नाही.

म्हणून बॅटरी निवडताना पहिला प्रश्न हा की ही बोट तिला भरणार कशानं, आणि किती वेळ.

[दृश्य: वही, पेन्सिल. रकान्यात यंत्रांची नावं.]

खर्चाचा हिशोब कागदावरच करावा. बारा व्होल्टचा फ्रिज चालू असताना साधारण पाच अँपिअर ओढतो. उष्ण हवेत तो निम्मा वेळ चालतो असं धरलं तर दिवसाला साठ अँपिअर-तास (एक अँपिअर तासभर वाहिला की एक अँपिअर-तास). फोन आणि लॅपटॉप पंधरा. रेडिओ आणि उपकरणं तेरा. केबिनचे एलईडी दिवे सहा, नांगराचा दिवा तीन, पाण्याचा पंप तीन. झाले शंभर. त्यातले साठ एकट्या फ्रिजचे. बॅटरी वाढवण्याआधी फ्रिजचं इन्सुलेशन आणि दाराचं रबर तपासा. तिथे वाचवलेला एकेक अँपिअर-तास विकत घ्यावा लागत नाही.

आता दोन दिवस चार्जिंगशिवाय काढायचे, म्हणजे दोनशे अँपिअर-तास हवेत. शिशाची बॅटरी पन्नास टक्क्यांखाली उतरवू नये असा नियम आहे, म्हणून माणूस चारशेची बँक, म्हणजे एकत्र जोडलेल्या बॅटऱ्यांचा संच, घेतो. पण ती ऐंशीच्या वर जातच नसेल, तर हाताशी राहतो फक्त ऐंशी ते पन्नास हा तीस टक्क्यांचा पट्टा. त्या हिशोबानं साडेसहाशेच्या वर जावं लागेल. वजन बघता छोट्या बोटीला ते पेलणारं नाही.

इथे सौर पॅनेल कामाला येतं, आणि त्याचं मोल मला फार वाटतं. दोनशे वॅटचं पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साठेक अँपिअर-तास देतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते सावकाश आणि दिवसभर देतं. सकाळी इंजिनानं ऐंशीपर्यंत न्यायचं आणि वरचे वीस टक्के उन्हावर सोडायचे. बॅटरीला हवा असतो तो लांब, मंद चार्ज तिला फुकटात मिळतो.

शिशाच्या प्रकारांबद्दल थोडक्यात. पाणी घालायच्या साध्या बॅटऱ्या स्वस्त आणि दणकट. पण डिस्टिल्ड वॉटर बघत राहावं लागतं, आणि चार्ज होताना त्या हायड्रोजन सोडतात. हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगीनं स्फोट होऊ शकतो, म्हणून बॅटऱ्या ठेवायच्या जागेला वरून हवेची वाट हवीच. गोल्फ गाडीच्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडणं ही जुनी, भरवशाची युक्ती आहे. एजीएम, म्हणजे आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली बॅटरी, सीलबंद असते, कलंडली तरी सांडत नाही, चार्जही लवकर घेते. पण अर्धवट भरलेलं राहणं तिलाही सोसत नाही. जेलला, म्हणजे आम्ल घट्ट केलेल्या बॅटरीला, चार्जिंगचं व्होल्टेज थोडं कमी लागतं, आणि चार्जर तसा लावला नाही तर ती बिघडते.

आणि लिथियम. बोटीवर घ्यायचं ते लिथियम आयर्न फॉस्फेट. कोबाल्टवाल्या प्रकारांपेक्षा हे रसायन बरंच स्थिर. शंभर अँपिअर-तासांची बॅटरी बारा किलोच्या आसपास, तेवढ्याच क्षमतेची एजीएम तीसेक किलो. ऐंशी टक्के वापरता येते, त्यामुळे आपल्या दोनशेच्या गरजेला अडीचशेची बँक पुरते. आणि मुख्य म्हणजे अर्धवट भरलेलं राहण्याचं तिला दुःख नाही. ज्या आजारानं या जुन्या बॅटऱ्या गेल्या, तो तिला होतच नाही.

[दृश्य: इंजिनाचा पट्टा आणि अल्टरनेटर जवळून.]

पण जुनी उचलून त्याच जागी नवी ठेवली की झालं, असं जे सांगितलं जातं ते मला पटत नाही. शिशाची बॅटरी भरत आली की प्रवाह आपोआप कमी घेते, त्यामुळे अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला, उसंत मिळते. लिथियम शेवटपर्यंत मिळेल तेवढा प्रवाह ओढत राहते. इंजिन मंद फिरत असेल तर अल्टरनेटरचा पंखाही मंद, आणि तो तापून जळू शकतो. दुसरा धोका बॅटरीच्या आतल्या बीएमएसचा, म्हणजे सेलवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटचा. सेल वाचवण्यासाठी त्यानं चार्ज चालू असताना बॅटरी एकदम तोडली, तर अल्टरनेटरचं व्होल्टेज उसळतं आणि त्याचे डायोड उडतात. सोबत चार्टप्लॉटरही जाऊ शकतो. यावर सरळ उपाय असा: अल्टरनेटर इंजिनाच्या शिशाच्या बॅटरीलाच जोडलेला ठेवायचा, आणि तिच्याकडून हाऊस बँकेला डीसी-डीसी चार्जरनं, म्हणजे एका बॅटरीवरून दुसरी भरणाऱ्या यंत्रानं, ठरलेल्या मर्यादेत द्यायचं.

इंजिनाची आणि हाऊस बँक जोडणारा-तोडणारा जुना व्होल्टेजवर चालणारा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, इथे काढावाच लागतो. तो साधारण 12.8 व्होल्टला सुटतो, आणि लिथियम नुसती पडून असताना 13.3 दाखवते. म्हणजे तो सुटणारच नाही. शिवाय तिचं व्होल्टेज बराच काळ जवळपास सारखंच राहतं, म्हणून व्होल्टमीटर बघून लिथियम किती उरली ते कळत नाही; आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजणारा शंट बसवावा लागतो. थंड प्रदेशात फिरणाऱ्यांसाठी आणखी एक: शून्य अंशाखाली ती चार्ज करायची नाही.

फ्यूजच्या बाबतीत तडजोड नको. शॉर्ट झाल्यावर लिथियम हजारो अँपिअर सोडते, आणि साधा फ्यूज वितळला तरी आतली ठिणगी तुटत नाही. वीस हजार अँपिअर तोडू शकणारा टी वर्गाचा फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावावा. बोटीचा विमा असेल तर लिथियम बसवण्याआधी कंपनीला विचारावं.

मग माझा कल कुणीकडे? जी बोट धक्क्याला बांधलेली असते आणि किनाऱ्याच्या विजेवर रोज पूर्ण भरते, तिला चांगली शिशाची बँक पुरेशी आहे. लिथियमचे पैसे तिथे वाया जातात. जी महिनोन्‌महिने नांगरावर राहते तिला लिथियम घ्यावी, पण चार्जिंगचा सगळा बदल परवडत असेल तरच. अर्धा बदल करू नये. त्यापेक्षा शिशाच्या बॅटऱ्या आणि एक मोठं पॅनेल बरं.

[दृश्य: नव्या बॅटऱ्या कप्प्यात उतरतात. पट्टे आवळले जातात.]

कोणतीही घ्या, बँकेतल्या सगळ्या एकाच वेळी बदला. नव्यांत एक जुनी ठेवली तर ती नव्यांना ओढून नेते. कप्पा मोजताना टर्मिनलची उंची धरा. इंजिनाशेजारची गरम जागा टाळा. तापमान दहा अंशांनी वाढलं की शिशाच्या बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं. बोट कलंडली तरी बॅटरी हलता कामा नये. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलच्या मानकात एका इंचाची मर्यादा आहे. समांतर जोडणीत धन तार एका टोकाच्या बॅटरीवरून आणि ऋण तार दुसऱ्या टोकाच्या बॅटरीवरून घ्या, म्हणजे सगळ्यांवर सारखा भार येतो. चार्जरची सेटिंग नव्या प्रकाराप्रमाणे बदला, बँक एकदा पूर्ण भरा, आणि मगच शंटवर शंभर टक्क्यांची खूण करा. पहिली सफर झाली की प्रत्येक नट पुन्हा पान्यानं तपासा; लाटांच्या हादऱ्यांनी सैल झालेलं टर्मिनल भाराखाली हाताला गरम लागतं.