पहाटेची हाक : टेनेसीतील रानटर्की आणि शिकारीचा हंगाम

(दृश्य : एप्रिलमधील पहाट. दक्षिण टेनेसीतील टेकड्या, नुकती पालवी फुटलेले ओक.)

अजून पुरते फटफटलेही नाही, तोच ओकच्या उंच फांदीवरून रानटर्कीच्या नराची हाक दरीत घुमते. रात्रभर झाडावर बसलेला हा नर आता खाली उतरेल, पिसारा फुलवील आणि पंखांची टोके जमिनीवर घासत माद्यांपुढे मिरवील. या हाकेसाठी येथील शिकारी वर्षभर वाट पाहतो. अमेरिकेच्या आग्नेय भागातील अनेक रानांत मात्र गेल्या काही वर्षांपासून ती विरळ होत चालली आहे.

(दृश्य : नराचे डोके, अगदी जवळून.)

या डोक्यावर पिसे नाहीत. गाठीगाठींची कातडी आता निळसर पांढरी दिसते आणि मादी जवळ येताच गळ्याखालचे लोंबते मांस लालभडक होते. १६१२ साली मुकर्रब खान या दरबारी सरदाराने गोव्याच्या बंदरातून जहांगीर बादशहासाठी जे नवलाचे प्राणी नेले, त्यांत याच पक्ष्याचा एक पाळीव भाऊबंद होता. सरड्यासारखे रंग पालटणारे ते डोके पाहून चकित झालेल्या बादशहाने त्याचे वर्णन आपल्या आठवणींत लिहून ठेवले आणि उस्ताद मन्सूरकडून पक्ष्याचे चित्र काढून घेतले. ते चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

(दृश्य : जुनी कृष्णधवल चित्रफीत. तोडलेले जंगल, ओंडक्यांनी भरलेल्या गाड्या.)

पाळीव टर्की जगभर पसरली, पण तिचे रानातले गोत मायभूमीतच संपत आले होते. जंगले तुटली, बाजारात विकण्यासाठी बारमाही शिकार झाली आणि १९२० पर्यंत मूळच्या ३९ राज्यांपैकी १८ राज्यांतून हा पक्षी नाहीसा झाला. पुढच्या दशकात साऱ्या देशात मिळून जेमतेम दोन लाख पक्षी उरल्याचा अंदाज होता. १९३७ साली बंदुका आणि काडतुसांवरील कराचे उत्पन्न वन्यजीवांच्या पुनर्वसनासाठी राज्यांना देणारा कायदा झाला. त्यामुळे शिकाऱ्याच्या खिशातून आलेला पैसा पुन्हा रानाकडे वळला. हे मुद्दाम सांगायला हवे, कारण टर्की परत आणण्याच्या कामाचा मोठा खर्च या पैशातून भागला.

पैसा आला, तरी पक्षी आणायचे कोठून हा प्रश्न होताच. कुंपणात वाढवलेल्या टर्की हजारोंच्या संख्येने रानात सोडून पाहिल्या, पण त्या तगल्या नाहीत. मिसुरीमध्ये अभ्यास करणाऱ्या स्टार्कर लिओपोल्ड यांनी १९४४ साली दाखवून दिले की रानटर्कीचा बुजरेपणा उपजत असतो आणि पाळीव रक्ताची भेसळ झाली की तो ढिला पडतो. म्हणून रानातलाच पक्षी जिवंत धरून दुसऱ्या रानात नेणे एवढा एकच मार्ग उरला, आणि इतका सावध पक्षी धरणे हेच सर्वांत कठीण होते.

(दृश्य : जुनी चित्रफीत. मक्याचा भरडा, पालापाचोळ्याखाली लपवलेले जाळे.)

आता पडद्यावर दिसते ती युक्ती १९५०च्या दशकात या कामी आली. मक्याचा भरडा एका सरळ रेषेत पसरायचा, शेजारी जाळे घड्या घालून पाचोळ्याखाली दडवायचे आणि त्याच्या कडेला जमिनीत छोट्या तोफा रोवायच्या. मग आडोशाला बसून राहायचे, कधी एक सकाळ तर कधी पुष्कळ सकाळी. पक्षी आले तरी घाई करून चालत नसे, कारण एखाद्याची मानही वर असली तर उडत्या जाळ्याच्या तडाख्याने ती मोडू शकते. सर्वांच्या चोची भरड्यात गुंतल्या की कळ दाबायची. तोफा उडतात, जाळे डोक्यांवरून झेपावत पलीकडे पडते आणि माणसे धावतात. पाहा, प्रत्येक पक्षी कसा कुशीत धरून, पाय सांभाळत पुठ्ठ्याच्या वेगळ्या खोक्यात ठेवला जातो आहे. ही खोकी पुढे शेकडो मैल दूरच्या रानात उघडली जात.

मिसुरीने १९६० साली वसंतातील शिकार पुन्हा सुरू केली ती अवघ्या तीन दिवसांसाठी, आणि त्या हंगामात ९४ नर टिपले गेले. १९७३ मध्ये देशात सुमारे १३ लाख रानटर्की होत्या आणि या शतकाच्या आरंभी हा आकडा ७० लाखांच्या घरात पोहोचला. त्यानंतर तो साठ लाखांच्या आसपास घसरला असून, आग्नेयेकडील राज्यांना या घसरणीची झळ अधिक बसली आहे.

(दृश्य : शिकारी बॉक्स कॉलवर खडू घासतो आहे.)

लाकडी पेटीच्या झाकणाला खडू लावून ते कडेवर हलकेच ओढले की मादीचा आवाज निघतो आणि नर त्या दिशेने चालत येतो. वसंतातील शिकारीत मुख्यतः नरच मारले जातात. एक नर अनेक माद्यांशी जुगतो आणि मादी त्याचे बीज कित्येक आठवडे शरीरात जपू शकते, त्यामुळे काही नर गेल्याने पिढी खुंटत नाही, असे या हंगामामागचे गणित आहे. मात्र जुगणी पुरी होण्याआधीच वरचढ नर मारले गेले तर सगळी घडी विस्कटते, अशी शंका अलीकडे बळावली. त्यामुळे जॉर्जियाने २०२२ मध्ये हंगाम उशिरा उघडला आणि एका शिकाऱ्याची मर्यादा तीनवरून दोन नरांवर आणली, ओक्लाहोमाने एकाच नराला परवानगी ठेवली आणि कॅन्ससने शरदातील शिकार २०२३ पासून थांबवली.

(दृश्य : मादीच्या पाठीवर ट्रान्समीटर बसवणारे संशोधक.)

टेनेसीने या शंकेची परीक्षाच घेतली. २०२१ आणि २०२२ मध्ये जाइल्स, लॉरेन्स आणि वेन या दक्षिणेकडील काउंट्यांत (जिल्ह्यांत) हंगाम १४ दिवस उशिरा सुरू झाला. टेनेसी विद्यापीठाच्या संशोधकांनी आधीच्या आणि नंतरच्या वर्षांतील माद्या, घरटी आणि पिल्ले यांची तुलना केली, तेव्हा या विलंबाने वीण वाढल्याचे आढळले नाही. तरीही २०२३ पासून संपूर्ण राज्यात हंगाम एप्रिलच्या मध्यावर उघडू लागला आणि मर्यादा दोन नरांवर आली. हा निर्णय व्यर्थ होता असे आम्ही म्हणणार नाही. कमी नर मारले गेले तर पुढील वर्षी हाका देणारे नर अधिक उरतात. पण घसरणीचे मूळ तारखांत नसून पुढच्या दृश्यात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

(दृश्य : काटेरी झुडपाच्या बुंध्याशी रिकामे घरटे.)

घरटे म्हणजे जमिनीतला एक उथळ खळगा. त्यात दहा-बारा अंडी घालून मादी २८ दिवस उबवते. येथे मात्र चोथा झालेली टरफले, सुकत आलेला बलक आणि मातीत उमटलेला रॅकून या निशाचर प्राण्याचा पंजा एवढेच शिल्लक आहे. या प्रदेशात पाचांतील जेमतेम एखादे घरटे तडीस जाते. रॅकून, स्कंक, ओपॉसम, साप आणि कावळे ही सारी मंडळी टपलेलीच असतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीस रॅकूनसारख्या प्राण्यांच्या फरचे भाव कोसळले, सापळे लावणारे कमी झाले आणि रॅकूनला मोकळे रान मिळाले.

बाहेर पडलेल्या पिल्लांना पहिले दोन आठवडे उडता येत नाही आणि त्यांना किडे-नाकतोडे हवे असतात. गुरांसाठी लावलेले फेस्क्यू गवत इतके दाट वाढते की त्यातून पिल्लाला चालताच येत नाही. पिल्लांना हवी असते वरून झाकलेली आणि तळाशी मोकळी जागा. ठरावीक वर्षांनी जपून आग फिरवली तर अशी जागा तयार होते, पण येथील बहुतेक जमीन खासगी मालकीची असल्याने राज्य हंगामाची तारीख बदलू शकते, जमीनमालकाच्या हाती पलिता देऊ शकत नाही.

(दृश्य : मार्च. उतारावर सरकणारी बुटकी आग. त्यानंतर तोच उतार, जुलैमध्ये.)

चार महिन्यांपूर्वी काळा पडलेला हा उतार आता गुडघाभर रानफुलांनी भरला आहे. राज्याची पिल्लांची उन्हाळी गणना सुरू असून, रस्त्याकडेच्या गाडीतून दुर्बीण लावलेला निरीक्षक बराच वेळ निश्चल बसला आहे. फुलांमधून आधी मादीची मान वर येते. मग तिच्यामागून एक पिल्लू, दुसरे, आणि थोड्या अंतराने धावत आलेले तिसरे. निरीक्षक तक्त्यात नोंद करतो : मादी १, पिल्ले ३.