चेहरे नसलेले चार मार्शल

अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेल यांच्या एका कॅनव्हासवर पाच माणसे उजवीकडून डावीकडे चालली आहेत. चौघा मार्शलांच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पोलीस अधिकाऱ्यांच्या, दंडाला पिवळ्या पट्ट्या आहेत. त्यांच्या खांद्यांपाशीच चित्राची वरची कड येते, त्यामुळे एकाचाही चेहरा दिसत नाही. चेहरा दिसतो तो मधल्या कृष्णवर्णीय मुलीचा. अंगात पांढराशुभ्र फ्रॉक, हातात वह्या आणि पट्टी. मागच्या भिंतीवर वंशद्वेषी शिवी लिहिलेली आहे, आणि फेकून मारलेल्या टोमॅटोचा लाल रस त्या भिंतीवरून ओघळला आहे.

ही रुबी ब्रिजेस. १४ नोव्हेंबर १९६० रोजी, वयाच्या सहाव्या वर्षी, न्यू ऑर्लिन्समधील, तोवर फक्त गोऱ्या मुलांच्या असलेल्या विल्यम फ्रान्झ प्राथमिक शाळेत ती मार्शलांच्या बंदोबस्तात गेली. गोऱ्या पालकांनी आपली मुले काढून घेतली, तिच्या वडिलांची नोकरी गेली आणि वर्षभर ती वर्गात एकटीच शिकली.

रॉकवेल स्वतःला इलस्ट्रेटर, म्हणजे छापील मजकुरासाठी चित्रे काढणारा, म्हणवत. समीक्षक हाच शब्द त्यांना कमी लेखण्यासाठी वापरत. ४७ वर्षे त्यांनी 'सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट' या नियतकालिकासाठी मुखपृष्ठे केली. तिथे कृष्णवर्णीय माणूस दाखवायचा तर नोकराच्याच भूमिकेत, असा दंडक होता. १९६३ मध्ये ते बाहेर पडले, आणि १४ जानेवारी १९६४ च्या 'लुक' या दुसऱ्या नियतकालिकात रुबीचे हे चित्र आले.

स्टॉकब्रिजच्या स्टुडिओतील त्यांची पद्धत ठरलेली होती. गावातल्याच माणसांना पोझ देऊन उभे करायचे, छायाचित्रे काढून घ्यायची, मग कोळशाचे रेखाटन, मग रंगांचा कच्चा आराखडा आणि शेवटी तैलरंग. रुबीसाठी पोझ देत उभ्या असलेल्या मुलीच्या अंगात चालण्याची ढब यावी म्हणून त्यांनी तिच्या पायाखाली लाकडी ठोकळे ठेवले होते.

ही पद्धत इलस्ट्रेटरची, हे मान्य. परंतु त्या प्रसंगाच्या वृत्तछायाचित्रांत मार्शलांचे चेहरे दिसतात. ते चेहरे वगळण्याचा, पाहणाऱ्याची नजर सहा वर्षांच्या मुलीच्या उंचीवर आणण्याचा, आणि ओरडणारा जमाव न रंगवता त्याच्या जागी आपल्यालाच उभे करण्याचा निर्णय कोणत्याही बातमीने त्यांच्या हाती दिलेला नव्हता. तो चित्रकाराचा निर्णय आहे, असे आम्ही ठामपणे मानतो.

१९६४ मध्ये मिसिसिपीत तीन नागरी हक्क कार्यकर्त्यांची हत्या झाली. त्यावरील रॉकवेल यांचे पूर्ण झालेले चित्र बाजूला ठेवून 'लुक'ने १९६५ मध्ये त्याचा कच्चा तैल आराखडाच छापला. ज्या सफाईसाठी समीक्षक त्यांना नावे ठेवत, ती सफाई या भरभर मारलेल्या फटकाऱ्यांत कुठेच नाही.