पोटात जातंय की छातीत? लकव्यानंतरचं खाणंपिणं

लकवा झालेल्या पेशंटच्या खाण्याबद्दल विचारायला येणारे नातेवाईक साधारण दोन प्रकारचे असतात. एक, जे सिस्टरची नजर चुकवून काहीतरी भरवतात, आणि दुसरे, जे घाबरून महिनाभर फक्त पेजेच्या पाण्यावर ठेवतात. पहिल्यांना सगळे ओरडतात, दुसऱ्यांना कोणीच काही बोलत नाही. म्हणून आज मी दुसऱ्यांबद्दल जास्त बोलणारे.

पण आधी पहिलं. घास गिळताना श्वास क्षणभर थांबतो, श्वासनलिकेवरचं झाकण बंद होतं, आणि घास मागच्या अन्ननलिकेत सरकतो, हे सगळं घशात एखाद्या सेकंदात होतं. लकव्यात मेंदूचा ताबा गेला की हे टायमिंग बिघडतं. आणि पाणी सगळ्यात जोरात धावतं, म्हणजे आपण ज्याला सगळ्यात सोपं समजतो तेच सगळ्यात अवघड. आपल्याकडे तर भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणतो, चमचाभर तीर्थ तरी घाला हो तोंडात. ते तीर्थ छातीत गेलं की न्यूमोनिया. ठसका लागला तर निदान कळतं तरी, पण बऱ्याच पेशंटना ठसकाच लागत नाही, गुपचूप छातीत जातं, नंतर आवाज ओला-घोगरा येतो, ताप येतो. म्हणून ॲडमिट झाल्यावर गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडाने काही म्हणजे काही नाही, गोळीसुद्धा नाही. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या १९ स्ट्रोक युनिटमध्ये, म्हणजे लकव्याच्या पेशंटच्या खास वॉर्डांमध्ये, ताप, रक्तातली साखर आणि गिळणं या तीनच गोष्टींवर सिस्टर लोकांनी ठरवून लक्ष ठेवायचा प्रयोग झाला, २०११ला निकाल आला, आणि ९० दिवसांनी त्या वॉर्डांमधले पेशंट जास्त संख्येने जिवंत आणि स्वतःच्या पायावर होते. नवीन औषध एकही नाही. मला तर हा अभ्यास फार आवडतो.

आता दुसरं. तपासणीत गिळणं जमत नाही असं कळलं की नाकातून नळी, राईल्स ट्यूब. नळी म्हटलं की घरचे रडायला लागतात, आता शेवट आला वगैरे. अहो, तसं नाहीये! बऱ्याच जणांचं गिळणं पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सुधारतं, तेवढ्यापुरती ती सोय आहे. जास्त दिवस लागणार असतील तर पोटाला छोटं छिद्र पाडून थेट जठरात नळी, पेग म्हणतात तिला. पण तिचीही घाई नको, कारण २००५च्या एका मोठ्या चाचणीत सुरुवातीलाच पेग घातलेल्यांचं नाकातल्या नळीवाल्यांपेक्षा काही भलं झालं नव्हतं, उलट थोडं वाईटच.

खरा घोळ होतो तो नळीतून काय जातं तिथे. ६० किलोच्या माणसाला दिवसाला साधारण १५०० ते १८०० कॅलरी आणि ६० ग्रॅम तरी प्रोटीन लागतं. दर दोन तासांनी २०० मिली असे आठ फीड दिले तर झाले १६०० मिली, म्हणजे प्रत्येक मिलीत एक कॅलरी हवी. आता वरणाचं वरचं पाणी, पातळ ताक, नारळपाणी, गाळलेली पेज, यातलं काहीच त्याच्या जवळपासही जात नाही. वरणात डाळ खाली राहते आणि पाणी नळीत जातं, प्रोटीन बसलंय पातेल्यात! घरचे म्हणतात आम्ही दोन-दोन तासांनी देतोय, आणि देतातही बिचारे रात्रीचा अलार्म लावून, पण पेशंट महिन्याभरात निम्मा होतो, मग बेडसोअर, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमा, मग फिजिओथेरपीला अंगात ताकदच नाही. तर शिजवलेली मुगाची डाळ डाळीसकट मिक्सरमधून काढा, त्यात दूध पावडर, चमचाभर तेल, चालत असेल तर उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग, आणि बारीक गाळणीने गाळा, नाहीतर नळी तुंबते. किडनीचा त्रास किंवा डायबेटिस असेल तर माप डाएटिशियनकडूनच घ्या. आणि बरेच दिवस उपाशी असलेल्याला पहिल्याच दिवशी फुल फीड द्यायचं नाही, रक्तातलं फॉस्फरस-पोटॅशियम धाडकन खाली येतं, हळूहळू वाढवायचं.

फीड देताना डोक्याकडची बाजू निदान ३० अंश वर, नंतरही अर्धा-एक तास तशीच. फीडनंतर ३० मिली पाणी सोडायचं. नळी आहे म्हणून तोंड धुवायचं नाही असं करू नका, तोंडातले जंतूच थुंकीबरोबर छातीत जातात. लाँग ॲक्टिंग किंवा कोटिंगवाली गोळी कुटून घालायची नाही, डॉक्टरांकडून बदलून घ्या.

तोंडाने सुरू करायचं तेव्हा कुठला दाटपणा चालेल ते स्पीच थेरपिस्ट सांगतात. मऊ एकजीव भात, घट्ट नाचणीचं सत्व चालू शकतं. मिसळ नको, रस्सा एकीकडे पळतो आणि फरसाण दुसरीकडे. कोरडे पोहे, चुरमुरे, शेंगदाणे नको, साबुदाण्याची खिचडी चिकटते. एक गंमत सांगते, सकाळी छान दाट केलेली पेज जेवता जेवता पातळ होते, कारण उष्टा चमचा परत वाटीत जातो आणि लाळेने स्टार्च विरघळतो. थोडी थोडी वेगळ्या वाटीत घ्या.

मघाशी मागून एका काकूंनी चहाचं विचारलं. चालेल, पण साधा पातळ नाही. झँथन गमवालं थिकनर, म्हणजे पातळ पदार्थ दाट करायची पावडर, मेडिकलमध्ये मिळतं, ते लाळेने पातळ होत नाही, थेरपिस्टने सांगितलेल्या मापाने घालून पाच मिनिटं ठेवायचं. चव काही खास लागत नाही, हे आधीच सांगून ठेवते, काका तोंड वाकडं करणारच. आणि त्यात बिस्किट बुडवून नाही द्यायचं.