खाल्लेलं कुणाच्या अंगी लागतं?

मंडळी, वजन वाढणं ही ज्याची त्याची निवड, मनोनिग्रह कमी पडला की माणूस लठ्ठ होतो, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. पुढे गैरसमज नको म्हणून आधीच सांगते, कॅलरीचा हिशेब खोटा नाही. खाल्लेली ऊर्जा खर्च झाली नाही तर ती साठते, बहुतेक चरबीच्या रूपात. पण वजन का वाढलं, तर ‘जास्त खाल्लं म्हणून’, हे उत्तर म्हणजे ताप का आला, तर ‘पारा चढला म्हणून’ असं सांगण्यासारखं आहे. जास्त का खाल्लं गेलं? आणि तेवढंच खाऊन शेजारीण सडपातळ कशी राहिली?

कॅनडात क्लॉड बूशार यांनी केलेला एक प्रयोग 1990 साली प्रसिद्ध झाला. तरुण मुलं, एकसारख्या जुळ्यांच्या 12 जोड्या. त्यांना देखरेखीखाली ठेवून आठवड्यातले सहा दिवस गरजेपेक्षा 1000 कॅलरी जास्त खाऊ घातल्या, असे एकूण 84 दिवस. हालचालही मोजकीच. म्हणजे प्रत्येकाच्या पोटात जादा गेल्या 84,000 कॅलरी, ना कमी ना जास्त. हिशेबाने सगळ्यांचं वजन साधारण सारखंच वाढायला हवं. प्रत्यक्षात कुणाचं चार किलोंनी वाढलं, तर कुणाचं तेरा! आणि खरी गंमत पुढेच आहे. एका जोडीतले दोघे भाऊ मात्र बऱ्याच अंशी सारखेच वाढले. चरबी पोटात किती साठली, यातही भाऊ भावासारखा. इथे कुणाच्या मनोनिग्रहाचा प्रश्नच नव्हता, ताट दुसरेच वाढत होते. ‘एकीला कितीही घाला, अंगी लागत नाही, दुसरीला पाणीसुद्धा लागतं’ असं घरातली म्हातारी माणसं म्हणतात. पाण्याचं सोडून देऊ, पण बाकी निरीक्षण पक्कं आहे.

आता कुणी म्हणेल, घास तर आपल्याच हाताने तोंडात जातो ना? जातो. पण भूक किती लागावी हे हात ठरवत नाही. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हार्मोन तयार करतात. साठा पुरेसा आहे, हा निरोप ते मेंदूला देतं. 1997 मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी दोन चुलत भावंडांची माहिती प्रसिद्ध केली. मुलगी आठ वर्षांची, वजन 86 किलो. मुलगा दोन वर्षांचा, 29 किलो. दोघांच्या जनुकात दोष होता, लेप्टिन बनतच नव्हतं. पोटभर जेवूनही भूक शमत नसे. पुढे त्या मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केलं आणि वर्षभरात सुमारे 16 किलो वजन उतरलं. असा दोष फार क्वचित आढळतो. माझ्याकडे येणाऱ्या पेशंटच्या वजनाचं ते कारण नाही. पण भूक हा स्वभावदोष नव्हे, एवढं या मुलीने दाखवून दिलं.

हल्ली ज्यांची चर्चा घरोघरी चालते त्या, भूक कमी करून वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचंही तेच. त्यांतल्याच सेमाग्लुटाइड या औषधाच्या 2021 च्या मोठ्या चाचणीत 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के वजन कमी झालं. औषध थांबवल्यावर वर्षभरात त्यातलं दोन तृतीयांश परत आलं. आता सांगा, या माणसांचा निर्धार सुईतून आत गेला होता आणि सुई थांबताच संपला?

बाजारात मिळणाऱ्या खाण्याचं मात्र मी वेगळं धरते. अमेरिकेत केविन हॉल यांनी 20 जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं दिलं आणि दोन आठवडे साधं, ताजं. समोर ठेवलेल्या ताटांत कॅलरी, साखर, मीठ, चोथा जुळवलेला. हवं तेवढं खा, म्हणाले. चवीला दोन्ही सारखीच आवडली. तरी पाकिटातल्या खाण्यावर असताना लोक रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खाऊन गेले आणि भराभर खाऊन गेले. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. याला निवड म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

निवडीला जागाच नाही, असं मी म्हणत नाही. पण रात्रपाळीच्या माणसाला पहाटे तीनला कँटीनमध्ये वडापाव, बिस्किटं आणि गोड चहा एवढंच मिळत असेल, तर ‘सॅलड खा’ असं लिहून देण्यात काय हशील? म्हणून मी पेशंटला आधी काट्यावर उभं करत नाही. झोप किती मिळते, जेवण किती वाजता होतं, घरी स्वयंपाक कोण करतं, हे विचारते. स्टेरॉइड, इन्शुलिन किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू आहेत का, हेही विचारते, कारण त्यांतल्या काहींनी वजन वाढतं. आणि आईवडिलांच्या बांध्याची चौकशी करते.